एवढा मोठा ऑस्ट्रेलिया आणि सगळे किनाऱ्याला का चिकटलेत?

ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ जवळजवळ ७७ लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या आता कुठे पावणेतीन कोटीच्या आसपास, म्हणजे सरासरी काढली तर एका चौरस किलोमीटरला साडेतीन माणसं. ही सरासरी वाचली की जो तो म्हणतो बापरे, केवढी जागा नुसती पडून आहे, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेलाच की मग सिडनीत भाडी एवढी का, घरं का मिळत नाहीत, नवीन येणाऱ्यांना सरळ आतल्या भागात पाठवून द्या की. माझ्या मामांनी मागे फोनवर विचारलं होतं, "अगं, नकाशात मधला सगळा भाग मोकळाच दिसतोय, तिथे का नाही वसवत लोकांना? सरकार काय करतं तिकडचं?" फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाहीये हे, आणि हाच प्रश्न ऑफिसात, फेसबुक ग्रुपवर, नवीन आलेल्या स्टुडंट मुलामुलींकडून सारखा कानावर येतो, म्हणून एकदा बसून नीट लिहिते. मी ॲडलेडला राहते त्यामुळे साउथ ऑस्ट्रेलियाची उदाहरणं जास्त येतील, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे ती साडेतीनची सरासरी विसरून जा. साडेतीन माणसं प्रति चौरस किलोमीटर अशी जागा या देशात शोधायला गेलात तर फारशी सापडणारच नाही. दहातली साडेआठ माणसं समुद्रापासून ५० किलोमीटरच्या आत राहतात. दोन तृतीयांश लोक फक्त राज्यांच्या राजधानीच्या शहरांमध्ये आहेत. सिडनी आणि मेलबर्न ही दोनच शहरं मिळून एक कोटीच्या वर जातात. साउथ ऑस्ट्रेलियात चारातले तीन लोक ॲडलेडमध्ये, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया तर देशाचा एक तृतीयांश भाग व्यापतो आणि त्यातले पाचातले चार लोक एकट्या पर्थमध्ये. हा देश जगातल्या सगळ्यात शहरी देशांपैकी एक आहे, आणि टूरिझमच्या जाहिरातीत मात्र लाल माती आणि एकटा काउबॉय दाखवतात.

आता का, तर पाणी. हे उत्तर सगळ्यांना ढोबळ माहिती असतं पण त्याचा आवाका लक्षात येत नाही. देशाच्या ८० टक्के जमिनीवर वर्षाला ६०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो आणि निम्म्या जमिनीवर ३०० पेक्षाही कमी. आणि जो पडतो तो पण दरवर्षी सारखा नाही. एल निनोच्या वर्षात पूर्वेकडे दोन दोन वर्षं आभाळ कोरडं आणि मग ला निना आली की नद्या गावात. सरासरी ३०० मिलिमीटर म्हणजे कधी १५० कधी ४५०, आणि शेतकरी सरासरीवर जगत नाही, त्याला यावर्षीचा पाऊस लागतो. त्यात माती फार म्हातारी. खंडाच्या बहुतेक भागात कोट्यवधी वर्षं मोठे ज्वालामुखी नाहीत, बर्फाच्या नद्यांनी खडक दळून नवीन माती केली असंही तिथे झालं नाही, त्यामुळे फॉस्फरस कमी, सत्त्व कमी. खंडात ॲमेझॉन किंवा मिसिसिपीसारखी नदी नाही, आहे ती मरे-डार्लिंग, आणि ती देखील दुष्काळात समुद्रापर्यंत पोचायला धडपडते. उंच बर्फाळ पर्वतरांग मध्यभागी असती तर चित्र वेगळं असतं, पण डोंगर आहेत ते पूर्वेच्या कडेला, त्यामुळे समुद्रावरून येणारी ओल तिथेच सांडते आणि आत काही पोचत नाही.

यातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे जॉर्ज गॉयडर. साउथ ऑस्ट्रेलियाचा सर्व्हेअर जनरल, म्हणजे जमीन मोजणी खात्याचा मुख्य, अंगाने लहानखुरा आणि कामाला वाघ, लोक त्याला 'लिटल एनर्जी' म्हणायचे. १८६० च्या दशकाच्या मध्यात इथे मोठा दुष्काळ पडला, उत्तरेकडचे मेंढपाळ बुडाले, आणि सरकारने गॉयडरला सांगितलं की दुष्काळ कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो ते बघून ये. १८६५ साली हा माणूस घोड्यावरून जवळजवळ ३,२०० किलोमीटर फिरला. पाऊस मोजायची यंत्रं त्या भागात जवळजवळ नव्हतीच, जुने आकडे नव्हते, मग त्याने काय केलं तर झुडपं बघितली. जिथे सॉल्टबुश सुरू होतं, म्हणजे ते राखाडी रंगाचं काटक झुडूप जे खारट कोरड्या जमिनीत तग धरतं, तिथे पाऊस भरवशाचा नाही. जिथे मॅली दिसतं, बुटक्या निलगिरीची जंगलं, तिथे गहू होईल. या दोघांच्या मधून त्याने एक रेघ ओढली, पश्चिमेला सेडूनाजवळून सुरू होऊन आयर पेनिन्सुलावरून, मग वर ओरोरूपर्यंत आणि तिथून खाली पिनारूजवळ व्हिक्टोरियाच्या सीमेपर्यंत. रेघेच्या खाली पेरा, वर फक्त जनावरं चारा, एवढंच त्याचं म्हणणं. झुडूप खोटं बोलत नाही, ते तिथे शेकडो वर्षांचा पाऊस बघून उभं असतं, आणि गॉयडरने एका वर्षाच्या आभाळापेक्षा त्या झुडपावर विश्वास ठेवला. १८७२ मध्ये ही रेघ कायद्यात आली.

आणि मग पाऊस आला. सलग चांगली वर्षं. रेघेच्या वरची हिरवीगार जमीन बघून लोक खवळले, पेपरात गॉयडरवर टीका, हा कोण आम्हाला सांगणारा, आणि १८७४ मध्ये सरकारने रेघेचं बंधन काढून टाकलं. तेव्हा एक कल्पना फार चालायची, अमेरिकेत पण चालायची, की नांगर पुढे गेला की पाऊस मागोमाग येतो, म्हणजे जमीन नांगरली झाडं लावली की हवामानच बदलेल. लोकांनी बायकापोरं घेऊन उत्तरेला जाऊन दगडी घरं बांधली, सरकारने गावांचे प्लॉट पाडले, रस्त्यांना नावं दिली, रेल्वे नेली. १८८० च्या सुरुवातीला दुष्काळ परत आला. पिकं गेली, बी गेलं, कर्ज राहिलं, आणि माणसं हळूहळू परत खाली आली.

फ्लिंडर्स रेंजेसला जाताना हे सगळं रस्त्यावर दिसतं. क्वॉर्नच्या पुढे हॉकरकडे जाताना दोन्ही बाजूंना छप्पर नसलेली दगडी घरं उभी आहेत, चुलीची धुराडी तेवढी ताठ, दारासमोर एखादं पेपरकॉर्नचं झाड जे कुणीतरी सावलीसाठी लावलं असणार. मी गाडी थांबवून एका घरात गेले होते, दोन खोल्या, खिडकी उत्तरेला, आणि बाहेर जिथे गहू असायला हवा होता तिथे नजर जाईल तिथपर्यंत सॉल्टबुश. ही माणसं मूर्ख नव्हती हे मला फार जाणवलं तिथे. त्यांना सरकारने सांगितलं, पेपरने सांगितलं, शेजाऱ्याला तीन वर्षं पीक आलेलं दिसलं, मग कुणीही गेलं असतं. अजून वर गेलात तर फरिना नावाचं गाव लागतं, १८८२ ला तिथे रेल्वे पोचली, हॉटेलं झाली, चर्च झालं, जमिनीखाली बांधलेली बेकरी झाली. आता तिथे वस्ती नाही, भिंती आहेत. हिवाळ्यात काही आठवडे व्हॉलंटियर येऊन भिंती सावरतात आणि त्याच जुन्या भट्टीत ब्रेड भाजतात, जमलं तर नक्की जा.

तर मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे की लोकांना आत वसवून बघितलंय, मनापासून बघितलंय.

पण ही हाव एकदा पोळून थांबली नाही. १९०१ मध्ये सहा वसाहतींचा मिळून देश झाला तेव्हा लोकसंख्या पावणेअडतीस लाखांच्या आत-बाहेर होती, आणि पहिल्या महायुद्धानंतर पुढाऱ्यांची, पेपरवाल्यांची भाषणं सुरू झाली की या देशात १० कोटी, २० कोटी लोक मावतील, अमेरिकेएवढी जमीन आहे मग अमेरिकेएवढी माणसं का नकोत. याला उभं राहून नाही म्हणणारा एक भूगोलाचा प्राध्यापक होता, ग्रिफिथ टेलर. रॉबर्ट स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेवर जाऊन आलेला, १९२० मध्ये सिडनी युनिव्हर्सिटीत देशातला पहिला भूगोल विभाग त्याने सुरू केला. तो पाऊस, तापमान, माती यांचे नकाशे एकावर एक ठेवायचा आणि सांगायचा की शतकाच्या शेवटी इथे साधारण दोन कोटी लोक असतील, आणि आतल्या भागाचा मोठा हिस्सा वाळवंट आहे तो वाळवंटच राहणार. वाळवंट हा शब्द लोकांना इतका झोंबला की १९२१ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियात त्याचं पाठ्यपुस्तक बंद केलं. देशद्रोही वगैरे ऐकून घेत त्याने आणखी काही वर्षं काढली आणि १९२८ मध्ये शिकागोला निघून गेला. २००० साली देशाची लोकसंख्या किती होती माहितीये का, एक कोटी नव्वद लाख. वंशांबद्दल त्याने जे लिहिलं त्यातलं बरंच आज टिकत नाही, ते सोडून द्यावं, पण माणसं कुठे राहतील याचा त्याचा नकाशा आजच्या जनगणनेच्या नकाशाशेजारी ठेवला तर अंगावर काटा येतो.

इथे एक गोष्ट थांबून सांगायलाच हवी, कारण "रिकामा देश" हे शब्दच मला खटकतात. १७८८ मध्ये ब्रिटिशांची जहाजं सिडनीला लागली तेव्हा इथे माणसं होती, किमान ५० हजार वर्षांपासून होती. त्यांची संख्या तेव्हा किती यावर अभ्यासकांचे अंदाज ३ लाखांपासून १० लाखांपर्यंत जातात. आणि ती पण पाण्याच्या हिशोबानेच पसरलेली होती, मरे नदीच्या काठाला दाट, किनाऱ्याला दाट, आत विरळ, पण आत नव्हतीच असं नाही. ॲलिस स्प्रिंग्सच्या भागात अरेर्न्ते लोक, इथे ॲडलेडच्या मैदानावर कौर्ना लोक. ब्रेवारिना इथे बारवन नदीत दगडांचे मासे पकडायचे सापळे आहेत, शेकडो मीटर लांब, वेगवेगळ्या कुळांनी मिळून सांभाळलेले. कोरड्या भागात कुठला झरा कधी आटतो, आटला की पुढचं पाणी कुठे, हे सगळं त्यांना पाठ होतं. मग देवीच्या रोगाची साथ आली, इतर आजार आले, जमिनी गेल्या, कत्तली झाल्या, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ही संख्या लाखाच्या आसपास आली. जो देश रिकामा दिसतो तो बराचसा रिकामा केलेला आहे, हे लोकसंख्येच्या गप्पा मारताना आपण बाहेरून आलेल्यांनी तरी विसरू नये.

वरून राज्यघटनेत कलम १२७ होतं की देशाची लोकसंख्या मोजताना ॲबोरिजिनल लोकांना, म्हणजे या मूळ रहिवाशांना, धरायचं नाही. १९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी ते काढायला मत दिलं. म्हणजे त्याआधीचे देशाच्या लोकसंख्येचे अधिकृत आकडे मुळात अपुरे आहेत. २०२१ मध्ये ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी) लोकांची अंदाजे संख्या ९ लाख ८० हजारांच्या पुढे गेली, देशाच्या ३.८ टक्के, आणि हा समाज तरुण आहे, निम्मे लोक पंचविशीच्या आतले. नॉर्दर्न टेरिटरीत तर साधारण दर दहा माणसांत तीन ॲबोरिजिनल. आतल्या भागाचं पुढे काय होणार हे ठरवायचं असेल तर ते तिथे आधीपासून राहणाऱ्यांना विचारून ठरवायला हवं, किनाऱ्यावरच्या घरभाड्यावर उपाय म्हणून नाही.

आता वाढ कशी झाली ते बघू, त्यात पण गंमत आहे की ही वाढ कधीच एकसारखी नव्हती, उड्या मारत झाली. १८५१ ला सोनं सापडलं आणि देशाची लोकसंख्या वीस वर्षांत सव्वाचार लाखांवरून १७ लाखांच्या आसपास गेली. व्हिक्टोरिया तर दहा वर्षांत ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांवर. पुढे १९०१ मध्ये गोऱ्यांशिवाय कुणी नको म्हणून कायदा केला, त्यात ५० शब्दांचं डिक्टेशन द्यायचे, कुठल्याही युरोपियन भाषेत, अधिकाऱ्याच्या मनाला येईल ती, म्हणजे ज्याला नापास करायचं त्याला करता यायचं. ती परीक्षा १९५८ पर्यंत होती आणि ते धोरण पूर्ण मोडीत निघालं १९७३ ला. दुसऱ्या महायुद्धात जपान दाराशी आल्यावर मात्र सगळे घाबरले की एवढ्या मोठ्या किनाऱ्याला एवढीशी माणसं, माणसं वाढवा नाहीतर संपाल असं वातावरण झालं, आणि आर्थर कॉलवेल पहिला इमिग्रेशन मंत्री झाला. ब्रिटिशांना फक्त दहा पौंडात बोटीने आणलं, दहा लाखांहून जास्त आले. इटालियन, ग्रीक, पोलिश, बाल्टिक देशांतले निर्वासित आले, स्नोई माउंटन्सच्या धरणांवर १९४९ ते १९७४ मध्ये ३० हून अधिक देशांची लाखभर माणसं राबली. १९५९ ला लोकसंख्या एक कोटी, २००३ च्या शेवटी दोन कोटी, २०१८ ला अडीच कोटी, २०२४ च्या सुरुवातीला दोन कोटी सत्तर लाख. अंतर कसं कमी होत गेलंय बघा.

जन्मदर मात्र उलट दिशेने गेला. १९६१ मध्ये बाईमागे साडेतीन मुलं, आता दीडच्या आसपास. मध्ये २००४ ला सरकारने बाळ झालं की ३,००० डॉलर द्यायला सुरुवात केली, ते वाढवत ५,००० पर्यंत नेले, जन्मदर थोडा वर गेला पण टिकला नाही आणि २०१४ ला ती योजना बंद झाली. आजची वाढ मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांची आहे. कोविडमध्ये सीमा बंद होत्या तेव्हा वाढ जवळजवळ थांबली, आणि उघडल्यावर २०२२-२३ या एका वर्षात येणारे वजा जाणारे असे ५ लाखांहून जास्त लोक वाढले, त्यात विद्यार्थी भरपूर. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार होते, इंग्लंडनंतर दुसरा नंबर, चीन आणि न्यूझीलंडला मागे टाकून.

हे सगळे येतात आणि बहुतेक सिडनी-मेलबर्नला उतरतात, आणि इथे पाण्याच्या जोडीला दुसरं कारण येतं, इतिहास. ऑस्ट्रेलिया एक देश म्हणून वसला नाही, प्रत्येक वसाहत एका बंदरापासून सुरू झाली. लोकर आणि गहू बंदरात आणायचा, बोटीत भरायचा, म्हणून रेल्वेचे सगळे रूळ त्या एका बंदराकडे जाणारे. रुळांची रुंदी पण प्रत्येकाची वेगळी, न्यू साउथ वेल्सची १,४३५ मिलिमीटर, व्हिक्टोरियाची १,६००, क्वीन्सलँडची १,०६७. सिडनी-मेलबर्न जाणाऱ्या लोकांना ऑल्बरी स्टेशनवर सामानासकट गाडी बदलावी लागायची ती १९६२ पर्यंत. मग मधल्या गावांना मोठं होण्याचं कारणच उरलं नाही, कोर्ट राजधानीत, बंदर राजधानीत, युनिव्हर्सिटी राजधानीत. याला अपवाद क्वीन्सलँड, तिथे टाउन्सविल, केर्न्स, मॅकाय अशी किनाऱ्यावर बरीच बंदरं आणि बऱ्याच बंदरांमागे आत जाणारी स्वतःची रेल्वे, म्हणून तिथे ब्रिस्बेनबाहेर पण निम्मे लोक राहतात. हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं कारण त्यातून दिसतं की सगळं काही पावसाने ठरत नाही, थोडं माणसांनी पण ठरवलेलं असतं.

ठरवून शहरं उभी करायचे प्रयत्न पण झाले. कॅनबेरा जमलं कारण तिथे सरकारच नेऊन बसवलं. व्हिटलम सरकारने १९७३ मध्ये ऑल्बरी-वोडोंगा मोठं करायचं ठरवलं, २००० सालापर्यंत तीन लाख लोक, आज ती जोडशहरं मिळून लाखाच्या आसपास आहेत. वाईट नाहीये ते, छान राहण्यासारखी गावं आहेत, पण तीन लाख झाली नाहीत. आमच्या इथे ॲडलेडच्या पूर्वेला मोनार्टो नावाचं आख्खं शहर त्याच काळात आखलं होतं, जमिनी घेतल्या, झाडं लावली, आणि मग वाढीचे अंदाज खाली आले आणि शहर झालंच नाही. आज तिथे सफारी पार्क आहे, मुलांना घेऊन गेलात तर ज्या जागी लोक राहणार होते तिथे जिराफ फिरताना दिसतात. उत्तरेला ऑर्ड नदीवर १९७० च्या सुरुवातीला प्रचंड धरण बांधलं, लेक आर्गाइल, पाणी भरपूर, पण कापूस किडींनी खाल्ला, नंतर ऊसही बंद झाला, मग चंदन वगैरे लावलं, आणि तिथल्या कुनुनुर्रा गावात पाचेक हजार माणसं आहेत. पाणी आणलं तरी बाजार हजारो किलोमीटर लांब असेल तर माणूस तिथे काय करणार.

सध्याचा प्रयत्न म्हणजे रीजनल व्हिसा. २०१९ च्या नोव्हेंबरपासून ४९१ नंबरचा व्हिसा आहे, पाच वर्षांचा, व्हिसाच्या निवडीत तुम्हाला रीजनल भागाच्या नावावर १५ पॉईंट्स जास्त मिळतात, तिथे तीन वर्षं राहून काम केलं की पीआरला, म्हणजे कायमच्या वास्तव्याला, अर्ज करता येतो. आता रीजनल म्हणजे काय तर सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून जवळजवळ सगळा देश, त्यात पर्थ पण आलं आणि ॲडलेड पण. म्हणजे तेरा-चौदा लाखांच्या शहरात राहून पण तुम्ही रीजनल. माझ्या ओळखीतले बरेच जण असेच ॲडलेडला आले, आणि चांगले रमले. पण एक मुलगी नर्स म्हणून खरोखरच्या लहान गावात गेली, तिथले लोक फार प्रेमळ, म्हाताऱ्या पेशंट्सना ती मुलीसारखी, पण नवऱ्याला त्याच्या फील्डमधलं काम मिळेना, मुलाला स्पीच थेरपी हवी होती तर त्यासाठी ताशी शंभरच्या स्पीडने अडीच तास गाडी, आणि तीन वर्षं झाल्यावर ते निघाले. त्यांना दोष देता येत नाही मला. माणूस आणणं व्हिसाने होतं, माणूस टिकणं शाळा, डॉक्टर, नवऱ्याबायकोची दोन कामं आणि भाड्याने मिळणारं एक धड घर यावर अवलंबून असतं, आणि लहान गावात बऱ्याचदा ते घरच नसतं. हो, एवढ्या मोकळ्या जमिनीत घर नसतं, कारण बांधायला जेवढा खर्च येतो तेवढी किंमत विकताना मिळत नाही म्हणून बँक कर्ज द्यायला कचरते.

जे लोक खरंच आत राहतात त्यांच्यासाठी या देशाने काय काय केलं ते वाचलं की मात्र ऊर भरून येतो. जॉन फ्लिन नावाच्या पाद्रीच्या प्रयत्नांतून १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून विमानाने डॉक्टर पाठवायची सेवा सुरू झाली, तीच आजची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस. वीज नसलेल्या घरांसाठी पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ आल्फ्रेड ट्रेगरने बनवला. १९५१ ला ॲलिस स्प्रिंग्सहून रेडिओवरची शाळा सुरू झाली, शेकडो किलोमीटरवर विखुरलेली मुलं एका वर्गात. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातला ड्युरॅक हा लोकसभेचा मतदारसंघ १३ लाख चौरस किलोमीटरपेक्षा मोठा आहे, तिथल्या खासदाराने मतदारांना भेटायचं कसं याचा विचार करा, आणि सिडनीतले काही मतदारसंघ ३०-४० चौरस किलोमीटरचे.

तरी गहू पिकवणारी लहान गावं आटतायत. मशीन मोठी झाली, शेतं एकमेकांत विलीन झाली, आधी जिथे चार कुटुंबं होती तिथे एक. माणसं जातात ती सगळी सिडनीला जात नाहीत, डबो, वॉगा वॉगा अशा मधल्या शहरांत जातात, ती शहरं आजूबाजूची गावं स्पंजसारखी शोषून घेतात. आणि खाणींचं वेगळंच, वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या पिल्बरातून अब्जावधी डॉलरचं लोहखनिज निघतं पण काम करणारे विमानाने जातात, दोन आठवडे राबतात, विमानाने पर्थला परत. जनगणनेत माणूस त्याच्या नेहमीच्या घरी धरला जातो, त्यामुळे कागदावर पिल्बरा आहे त्याहून ओसाड दिसतं आणि तिथल्या दवाखान्यावर, रस्त्यावर जो भार पडतो त्याचा हिशोब लागत नाही.

२००९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान केविन रड म्हणाले की मला मोठा ऑस्ट्रेलिया आवडेल, तेव्हा २०५० पर्यंत साडेतीन कोटींच्या वर जाऊ असा अंदाज होता, आणि पुढच्या वर्षी ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान झाल्या झाल्या म्हणाल्या की असं मोठेपण नको. तेव्हापासून वाद तोच, माणसं किती. मला वाटतं कुठे हा प्रश्न जास्त निकडीचा आहे. कारण शहरं वाढतात ती त्याच पट्ट्यात जिथे पाऊस पडतो, माती बरी आहे, म्हणजे देशाची थोडीशी चांगली जमीन आणि देशाची सगळी माणसं एकाच जागेवर हक्क सांगतायत. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, मेल्टनकडे बघा, आमच्या इथे उत्तरेला रोजवर्थी, कॉन्कॉर्डियाकडे बघा, जिथे गहू उभा होता तिथे हजारो घरांचे प्लॅन मंजूर झालेत. आणि वर गॉयडरची रेघ पण जागच्या जागी राहील याची खात्री नाही, हवामान कोरडं होत गेलं तर ती दक्षिणेला सरकणार असं शास्त्रज्ञ सांगतायत, २०२४-२५ च्या दुष्काळात रेघेच्या खालच्या शेतकऱ्यांना पण दुसऱ्या राज्यातून ट्रकने चारा आणावा लागला. म्हणजे पट्टा वरून अरुंद होतोय आणि खालून आपण त्यावर घरं बांधतोय.

बारोसा आणि मॅकलारेन व्हेल ही वाईनची दोन खोरी २०१२ मध्ये खास कायदा करून राखली, तिथल्या शेतजमिनीचे तुकडे पाडून सोसायट्या उभ्या करता येत नाहीत. तसंच संरक्षण गव्हाच्या आणि भाजीपाल्याच्या जमिनीला पण द्या, आणि घरं शहराच्या आत, ट्राम-ट्रेनच्या कडेला तीन-चार मजली बांधा, असं मी आमच्या काउन्सिलच्या प्रत्येक फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिते. ॲडलेडला राहत असाल तर तुम्हीही लिहा, फॉर्म ऑनलाईन असतो, नागरिकत्व लागत नाही.